दम्याची औषधं चालू होती, निघाली श्वासनलिकेतली गाठ (कॅन्सर नाही). पुढं काय करावं?

वखारभाग

नमस्कार मंडळी. थोरल्या भावाबद्दल लिहितेय, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा, मला खरंच नीट उत्तरं पाहिजेत.

दादा सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, वय ४६, विडी सिगारेट तंबाखू कशालाच हात नाही. मागच्या सीझनला सौदे चालू असतानाच त्याला दम लागायला लागला, दुकानाचा जिना चढला की वर जाऊन थांबायचा, मग रात्री आडवं झालं की श्वासाला आवाज यायला लागला, वहिनी म्हणायची घोरतायत, पण तो जागा असताना पण यायचा. हळदीच्या धुळीत काम म्हटल्यावर सगळ्यांनी दमाच धरला, घरच्यांनी पण आणि डॉक्टरांनी पण. एक इन्हेलर झाला, दुसरा झाला, घरी नेब्युलायझर आणलं. मधे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तेव्हा चार दिवस बरं वाटलं, त्यामुळं तर दमा आहे हे पक्कंच झालं. एक्सरे काढला की दर वेळी क्लिअर.

शेवटी मिरजेत एका छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली, ग्राफ बघितला आणि त्याच दिवशी मान आणि छातीचा सीटी करायला लावला. श्वासनलिकेच्या आत, मधल्या भागात डावीकडं १४ मिमीची गाठ, तिथं नळी जेमतेम ५ मिमी उघडी. पूर्ण भूल देऊन रिजिड ब्रॉन्कोस्कोपी (सरळ धातूच्या नळीची दुर्बीण श्वासनलिकेत घालून) केली, आत आलेला बराचसा भाग काढला, त्यामुळं आत्ता श्वास एकदम मोकळा आहे, कित्येक महिन्यांनी माणूस आडवा झोपतोय. बायोप्सी आली श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ), त्याची खूण असलेली एस-१०० तपासणी पॉझिटिव्ह, कॅन्सर नाही.

आता प्रश्न असा की गाठीचं बूड रुंद आहे आणि सीटीत थोडा भाग नळीच्या भिंतीबाहेर दिसतोय. एक डॉक्टर म्हणतात परत आतूनच लेझर करू आणि लक्ष ठेवू. दुसरे म्हणतात तेवढा तुकडा कापून नळी परत जोडायची. श्वासनलिका कापून जोडायची हे ऐकूनच आईनं जेवण सोडलंय. दादा गप्प आहे. मला विचाराल तर माझी पण झोप गेलीय. कुणाला अनुभव असेल तर सांगा, मराठीत याच्यावर मला काहीच सापडलं नाही म्हणून इथं लिहितेय.

तासगाव_बागायतदार

ताई आधी आईंना जेवायला घाला, गाठ कॅन्सरची न्हाई हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा. माझ्या मामांचं बी दम्याच्या नावाखाली लई दिवस गेलतं, त्यांचं वेगळं निघालं, हृदयाचं, पण इन्हेलर मारत बसलो होतो आम्ही. मला एक कळंना, ठिबकच्या नळीत गाळ बसावा तशी एवढी मोठी गाठ आत बसलीया आणि एक्सरेत दिसत कशी न्हाई ओ? कुणी डॉक्टर असतील इथं तर सांगा, आमच्याकडं फवारणी करणाऱ्या पोरांना दम लागतो, तिथं बी सगळ्यांना सरसकट दमाच सांगतात.

श्वासमित्र_मिरज

मी छातीविकार विभागात काम करतो. रुग्णाला तपासल्याशिवाय "हे करा" असं सांगणार नाही, पण माहिती पूर्ण देतो, ती घेऊन तुमच्या डॉक्टरांपुढं बसा.

पहिली गोष्ट, नळी आत्ता उघडलीय. म्हणजे घाबरून, घाईत निर्णय घ्यायची वेळ टळलीय, हे फार मोठं काम झालंय.

श्वासनलिका मोठ्या माणसात १० ते १२ सेंमी लांब, पुढून आणि बाजूनं कुर्च्यांच्या १६ ते २० अर्धवट कड्या, मागच्या बाजूला कडी नाही तर मऊ पडदा आणि त्याला चिकटून अन्ननलिका. आतली रुंदी साधारण दीड ते दोन सेंमी. आता निम्मी नळी भरली तरी बसल्या जागी माणसाला काही कळत नाही, कारण शांत बसल्यावर हवा लागतेच किती. साधारण ८ मिमीच्या खाली गेलं की चालताना चढताना दम, ५ मिमीला आलं की बसल्या बसल्या त्रास आणि श्वास आत घेताना आवाज. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, गणितानं सोळापट होतो, आणि हवा घोळत वाहायला लागली की त्याहून वाढतो. म्हणून घरच्यांना वाटतं परवापर्यंत चांगला होता आणि एकदम काय झालं. गाठ हळूच वाढत असते, शेवटचे दोन-तीन मिमी माणसाला झोपवतात.

एक्सरेचं, तासगावकर दादा: छातीच्या एक्सरेत सगळ्यांची नजर फुफ्फुसांवर जाते आणि ती खरंच स्वच्छ असतात. श्वासनलिका मधोमध, मणक्यावर आणि छातीच्या मधल्या हाडावर पडते, त्या सावलीत छोटी गाठ विरघळून जाते. सीटीत मात्र लगेच दिसते, भिंतीत किती आहे बाहेर किती आहे ते पण.

इन्हेलर का चालला नाही, तर इन्हेलर लहान नळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतो. इथं लहान नळ्या ठीक आहेत, मोठ्या नळीत मांस वाढलंय, त्याला इन्हेलर काय करणार. स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूज जरा उतरते आणि दोन मिमी जागा मिळते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. मी इथं नेहमी सांगतो, स्टेरॉइडनं बरं वाटलं हा दम्याचा पुरावा नाही.

आणि तो ग्राफ. फुंकायच्या टेस्टमध्ये नुसते आकडे बघून पान उलटतात, वळणाचा आकार बघत नाहीत, याचा मला खरंच त्रास होतो. दम्यात श्वास सोडतानाची रेघ खोलगट होते, आत घेतानाची बरीचशी गोल राहते. मोठ्या नळीत घट्ट अडथळा असला की वरची खालची दोन्ही वळणं सपाट होतात, चौकोनी डबा दिसतो. अडथळा मानेच्या भागात असून हलता (श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा) असेल तर आत घेतानाची बाजू सपाट, छातीच्या भागात असेल तर सोडतानाची. हा आकार एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. टेस्टला काही मिनिटं लागतात, तुमच्या दादाचा सगळा प्रवास त्या एका कागदावर लवकर वळला असता. कुणा एका डॉक्टरला मी दोष देत नाही, दमा घरोघरी आहे आणि ही गाठ दुर्मिळ. पण औषध वाढवत नेऊनही फरक पडत नसेल तर औषध बदलण्याआधी निदान तपासायचं.

हळदीचं विचारलं नाहीत पण मनात असणार. श्वानोमा नसेच्या आवरणातल्या पेशींपासून होतो, धूळ आत गेल्यानं नाही. हळदीची धूळ ज्याला दमा आहे त्याचा दमा नक्की वाढवते, ते वेगळं. दादानं किंवा वहिनींनी "यार्डाचं काम लवकर सोडायला हवं होतं" असं मनाला लावून घेऊ नये.

निवृत्त_शिक्षक_वाई

माहिती उत्तम. एक शंका आहे. आमच्या ओळखीत एकांना मानेतल्या गाठी काढ्यानं विरघळल्या असं ऐकलं. गाठ कॅन्सरची नाही, श्वासही मोकळा आहे, तर सहा महिने आयुर्वेद करून बघायला काय हरकत? एवढी मोठी शस्त्रक्रिया टळली तर बरंच.

श्वासमित्र_मिरज

सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथं मी स्पष्ट बोलतो. मानेतल्या कित्येक गाठी इन्फेक्शननं सुजलेल्या असतात, त्या आपोआपही बसतात. श्वानोमा हे घट्ट वाढलेलं मांस, ते कुठल्याही गोळीनं किंवा काढ्यानं विरघळत नाही, ना आमच्या ना कुणाच्या. सावकाश वाढतो, म्हणून सहा महिने काहीच झालं नाही असं वाटेल आणि काढ्याचा गुण आला असं पण वाटेल. कॅन्सर नसला तरी जागा अशी आहे की तिथं चिकट कफाचा एक गोळा अडकला तरी माणूस गुदमरतो. काढा घ्यायचा तर तुमच्या वैद्यांना आणि सर्जनना दोघांना सांगून घ्या, पण त्यासाठी तारीख पुढं ढकलू नका.

आता मूळ प्रश्न. मोठ्या माणसांत श्वासनलिकेतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघतात, स्क्वॅमस सेल किंवा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक. लहान मुलांत उलटं, बहुतेक साध्या. साध्यांमध्ये पॅपिलोमा, हॅमार्टोमा, लायपोमा, लायोमायोमा, श्वानोमा, प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, ग्लोमस ट्यूमर अशा बऱ्याच. काढायची पद्धत नावापेक्षा बुडावर ठरते. बारीक देठावर लोंबणारी, सगळीच्या सगळी नळीच्या आत असलेली गाठ असेल तर दुर्बिणीतून तारेच्या फासानं किंवा लेझरनं काढतात आणि तेवढ्यावर भागतं. बूड रुंद असेल, भिंतीतून बाहेर गेलेली असेल तर आतून कितीही साफ केली तरी बाहेरचा भाग तसाच राहतो आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, परत आत डोकावते. तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दादाचं वय कमी आहे, बाकी आजार नाहीत. हेच ७८ वर्षांचे, हृदय कमजोर असलेले आजोबा असते तर मी आतून साफ करून लक्ष ठेवा म्हटलं असतं. दोन्ही मतं चुकीची नाहीत, माणूस बघून ठरतं.

आणि श्वानोमाचा कॅन्सर होणं फार विरळ, त्या भीतीपोटी निर्णय घेऊ नका.

भूल_सातारा

मी भूलतज्ज्ञ आहे, माझ्या बाजूचं लिहितो कारण नातेवाईकांना सर्जनचं नाव माहीत असतं आणि खरा प्रश्न आत गेल्यावर "आता श्वास कुणाच्या हातात" हा असतो.

बाकी ऑपरेशनात आम्ही आधी औषध देऊन स्नायू सैल करतो मग नळी घालतो. अशा रुग्णात तसं केलं आणि नळी गाठीच्या पुढं गेलीच नाही तर फार वाईट प्रसंग. म्हणून माणूस स्वतः श्वास घेत असतानाच हळूहळू भूल, सर्जन रिजिड दुर्बीण हातात घेऊन शेजारी उभे, सगळं टेबलवर उघडून ठेवलेलं. रिजिड म्हणजे सरळ धातूची पोकळ नळी, तिच्यातूनच आम्ही हवा देतो आणि तिच्यातूनच ते काम करतात, हाच तिचा मोठा फायदा. १८९७ साली जर्मनीत फ्रायबुर्गला गुस्ताव किलियन यांनी अशा सरळ नळीनं एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातलं हाडाचं तुकडं काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली. वाकणारी दुर्बीण जपानच्या इकेडांनी १९६० च्या दशकात आणली, ती बघायला उत्तम, पण अरुंद नळीत ती घातली की उरलेली जागा पण ती खाते.

लेझर किंवा करंट वापरताना ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली ठेवावा लागतो, नाहीतर श्वासनलिकेत आग लागू शकते. खोटं नाही, खरंच. म्हणून असं काम जिथं नेहमी होतं तिथंच करा. विचारायचा प्रश्न एकच, "तुमच्याकडं रिजिड ब्रॉन्कोस्कोपी आणि श्वासनलिकेची शस्त्रक्रिया करणारी टीम एकत्र आहे का?" हे विचारल्यानं चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

अजून एक, इमर्जन्सी नसताना आधीच गळ्याला भोक पाडून घेऊ नका. त्यानं नळीचा चांगला भाग खराब होतो आणि नंतर जोडायला तेवढीच लांबी कमी पडते.

कराडची_आई

वखारभाग ताई, आमचं प्रकरण वेगळं पण वाचून राहवलं नाही. माझ्या मुलीला अडीच वर्षांची असताना आवाज बसायला लागला, सर्दीचा म्हणून सोडून दिला, मग रडताना आवाजच येईना आणि श्वासाला शिट्टी. स्वरयंत्रात पॅपिलोमा (चामखिळीसारख्या गाठी) निघाले, नंतर खाली श्वासनलिकेत पण उतरले. एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ नंबरच्या जातीनं होतं, बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकतं. हे ऐकल्यावर माझी काय अवस्था झाली ते मी इथं लिहू शकत नाही. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं की हा विषाणू कित्येक बायकांत असतो, त्यांना कळत पण नाही, आणि त्यातल्या फार थोड्या बाळांना हे होतं.

आमची गाठ एकदा काढून संपत नाही, परत येते, परत काढायची. पुण्याला किती वाऱ्या झाल्या. आता तिला बेव्हॅसिझुमॅब नावाचं इंजेक्शन सलाईनमधून चालू आहे, त्यानंतर मधला काळ वाढलाय आणि शाळेत कविता म्हणते. ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगते, एचपीव्हीची लस फक्त गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी नाही. पुण्याच्या सीरमनं २०२२ मध्ये सर्व्हाव्हॅक जाहीर केली, तिच्यात १६ आणि १८ बरोबर ६ आणि ११ पण आहेत. ऑस्ट्रेलियात मुलींना शाळेत लस द्यायला लागल्यावर लहान मुलांतला हा आजार खूप कमी झाला. माझ्या मुलीच्या मुलांना हे होऊ नये म्हणून मी हे जिथं मिळेल तिथं लिहिते.

श्वासमित्र_मिरज

कराडची आई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं. लहान बाळांचं एक जोडतो. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत श्वास घेताना आवाज, परत परत "क्रूप" (स्वरयंत्राची सूज) म्हणून उपचार, आणि चेहऱ्यावर हनुवटीपाशी दाढीच्या जागेवर लाल डाग, असं दिसलं तर स्वरयंत्राच्या खाली रक्तवाहिन्यांची गाठ आहे का बघायलाच पाहिजे. पूर्वी याला ऑपरेशन किंवा गळ्याला भोक असायचं. २००८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलनं बाळांच्या अशा गाठी आक्रसतात हे लिहिलं आणि सगळं बदललं. देखरेखीखाली द्यायचं औषध आहे, पण स्वस्त आहे आणि सगळीकडं मिळतं.

कुपवाड_एमआयडीसी

मी स्वतः हे ऑपरेशन करून घेतलेला माणूस आहे. माझा लायोमायोमा होता, रुंद बुडाचा, तीन कड्यांचा तुकडा काढून नळी जोडली. आईंना माझं नाव सांगा म्हणजे हँडल सांगा 🙂, मी आज कारखान्यात शिफ्ट करतो, जिना चढतो, गणपतीत ढोल वाजवला.

खरं खरं सांगतो काय होतं ते. मानेत पुढून आडवा छेद, कॉलरच्या जागी. मोठ्या माणसात श्वासनलिकेची जवळजवळ निम्मी लांबी काढूनही जोडता येते असं सर्जननी सांगितलं, माझी दोन सेंमीच होती. जोडावर ताण पडू नये म्हणून हनुवटी छातीकडं वाकवून जाड टाक्यानं बांधून ठेवतात, आठवडाभर. ऑपरेशनपेक्षा तो आठवडा जड. वर बघता येत नाही, पाणी प्यायला स्ट्रॉ, झोप तुकड्या तुकड्यानं, दुखण्यापेक्षा कोंडल्यासारखं वाटतं. माझी बायको उशीवर उशी ठेवून मान धरून बसायची. आधी घरी हनुवटी खाली ठेवून बसायची, खायची, बोलायची सवय करा, मला कुणी सांगितलं नव्हतं, केलं असतं तर सोपं गेलं असतं. खोकायला भीती वाटते पण खोकावं लागतं, फिजिओथेरपिस्ट शिकवतात ते मनापासून करा. आवाज पहिले काही आठवडे घोगरा होता, आला परत. आवाजाच्या नसा नळीच्या दोन्ही बाजूंनी अगदी लगत जातात, तो धोका किती आहे हे सर्जनना आधी सरळ विचारा.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि हे ऑपरेशन कुठल्या पॅकेजात बसतं ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) लिहून घ्या. रेशनकार्ड, आधार, सीटीची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट सगळं एका फाईलला. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) पण मागून घ्या, दुसरीकडं परत तपासायला लागतात.

वखारभाग

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. तुमचं सगळं मी आईला वाचून दाखवलं, कुपवाडच्या दादांचं दोनदा. ती म्हणाली "ढोल वाजवला म्हणतोय ना, मग जा."

दादाचं ऑपरेशन झालं. आधी भूल_सातारा यांनी लिहिलेला प्रश्न जसाच्या तसा विचारला, डॉक्टर खूश झाले उलट, टीममधल्या सगळ्यांशी ओळख करून दिली. अडीच सेंमीचा तुकडा काढला, कडांना गाठ शिल्लक नाही असा रिपोर्ट आला. हनुवटीचा टाका होता, आठवडा खरंच जड गेला, पण दादानं आधीपासून हनुवटी खाली घालून जेवायची सवय केली होती, त्याचा उपयोग झाला. आवाज जरा बारीक आहे अजून. टाका काढल्यावर दुर्बिणीतून जोड बघितला, चांगला भरतोय म्हणाले, पुढं पण ठराविक काळानं दुर्बीण आणि सीटी करायचंय. जोडाच्या जागी नवं मांस वाढून नळी परत अरुंद होऊ शकते, त्यामुळं श्वासाला पुन्हा आवाज आला तर तारखेची वाट न बघता जायचं असं बजावलंय.

यार्डात परत जाणार का विचारलं तर म्हणतो सीझनच्या आधी जाणार, मास्क लावून.

माण_खटाव

ताई फार बरं वाटलं वाचून. माझी आई ६१ वर्षांची, दोन वर्षं दम्याचे पंप चालू, फरक नाही, पण आवाज छातीत येतो का गळ्यात हे मला कळत नाही. आमच्या इथं फुंकायची टेस्ट नाही, साताऱ्याला न्यायचं म्हणतोय. नेताना काय लक्षात ठेवू?

श्वासमित्र_मिरज

साताऱ्याला किंवा कराडला नक्की न्या. आईंना तोंड उघडून जोरात श्वास घ्यायला सांगा आणि कान मानेपाशी न्या, मग पाठीवर लावा. आवाज मानेपाशी जास्त मोठा आणि श्वास आत घेताना येत असेल तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करून नेलात तर अजून चांगलं. कूस बदलल्यावर किंवा आडवं झाल्यावर कमी-जास्त होतो का, थुंकीत कधी रक्त आलं का, आवाज बदललाय का, कधी आयसीयूत नळी घातली होती का, हे पण सांगा, कारण नळी घातल्यानंतर जखमेनं श्वासनलिका आवळते आणि ते गाठीपेक्षा जास्त वेळा सापडतं. टेस्टच्या आधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा ते फोन करून विचारून घ्या, पंपाप्रमाणे वेगळं असतं, पण धाप जास्त असेल तर बंद ठेवू नका, घ्या आणि घेतल्याचं सांगा. टेस्ट झाल्यावर आकड्यांचा कागद तर घ्याच, पण वळणाचा ग्राफ छापलेलं पान मागून घ्या, श्वास आत घेतानाची बाजू पण काढायला सांगा, कारण कित्येक ठिकाणी नुसतं सोडतानाचंच काढतात. आणि बसल्या जागी एक वाक्य पूर्ण बोलता येईना असं झालं तर टेस्टची वाट बघायची नाही, आडवं झोपवायचं नाही, बसवूनच १०८ ला फोन.